धूर कोणाचा?

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही चौघे दाभोशाला गेलो होतो. मार्चमध्ये धबधबा बघायला कोण जातं, हा प्रश्न घरी विचारून झालेला आहे, त्यामुळे तुम्ही विचारू नका. पावसाळ्यात तिथे धबधब्यापेक्षा पार्किंगच जास्त बघावं लागतं, म्हणून हा उद्योग. ठाण्याहून वाडा, विक्रमगड, जव्हार आणि जव्हारपासून पुढे वीसेक किलोमीटर. तीनशे फुटांचा काळा कडा, खाली डोह, आणि धार अगदी बारीक झालेली. छान वाटलं. पण लक्षात राहिला तो धबधबा नाही, धूर.

जव्हार सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतारावर जमिनीचे छोटे छोटे तुकडे जळत होते. काही जळून काळे पडलेले, काहींतून पांढरा धूर निघतोय. गाडीच्या काचा बंद, एसी चालू, तरी वास आत येत होता. मागच्या सीटवरून मित्र म्हणाला, "बघा! आपण तिकडे दर सहा महिन्यांनी पीयूसी काढायची आणि हे लोक इथे जंगल जाळणार. मुंबईत धुरकं का होतं, कळलं?" कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं.

परतताना चहाला थांबलो तिथे टपरीच्या मागेच असा एक तुकडा धुमसत होता. शेजारी काठी घेऊन एक म्हातारे बाबा बसले होते. मी विचारलं, "बाबा, जंगल का जाळताय?" ते हसले. "जंगल नाय, राब हाय. राब भाजला नाय तं नागलीचं रोप कसं होईल?" मग त्यांनी दाखवलं. खाली शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या आणि पाला, त्यावर गवत, वर मातीचा पातळ थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश सरकते. काठी कशाला? तर आग बांध ओलांडून पलीकडे गेली तर झोडपायला. "तुमी कुटले?" म्हणाले. ठाणे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तिकडं लय धूर."

घरी आल्यावर हे वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही त्यांच्या धुराला नावं ठेवत होतो आणि ते आमच्या. दोघांपैकी बरोबर कोण? हवेत तरंगणारा काजळीचा कण उचलून "तू कुठला रे बाबा?" असं त्याला विचारता येतं का? पुढचे तीन-चार वीकेंड यात गेले. आणि गंमत म्हणजे उत्तर दूर कुठे नव्हतं. मी पुण्यात नोकरीला असताना दर दुसऱ्या रविवारी जिथे पिठलं-भाकरी खायला जायचो, तिथेच, सिंहगडावर होतं. पण तिथे जाण्याआधी थोडा इतिहास.

राबावर बोट दाखवणारा माझा मित्र पहिला नव्हे. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकारने जंगलांच्या हद्दी आखायला घेतल्या आणि फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. तेव्हाचं ठाणे म्हणजे आजचे ठाणे आणि पालघर दोन्ही जिल्हे (पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला). मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे ब्रिटिश मुलूख. शेजारचं जव्हार मुकणे राजांचं संस्थान. डोंगर एकच, शेती एकच, पण कायदा वेगळा. ब्रिटिश मुलुखात राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या की नाही, वरकस जमिनीवरची झाडं कोणाची, यावरून इतका गदारोळ झाला की १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखात्याचं म्हणणं, राब म्हणजे जंगलाची नासाडी. शेतकऱ्यांचं म्हणणं, राब नाही तर पीक नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि आकडे कोणाकडेच फारसे नव्हते. (आपल्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवल्या ना?)

१८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस फोल्कर नावाचा रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून आला, वर्षभर देशभर फिरला आणि १८९३ मध्ये त्याचा भारतीय शेतीवरचा जाडजूड अहवाल छापून आला. इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याइतकाच चांगला आहे, काही बाबतींत त्याच्यापेक्षाही सरस आहे, असं लिहून त्याने बऱ्याच साहेबांना चकित केलं. राबाचा प्रश्न त्याच्याही अहवालात आहे.

पण राबाला खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेत नेलं ते पुण्याने. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी १९१२ मध्ये पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. (हे मान म्हणजे तेच, ज्यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या एका खेड्याची घरटी, शेतटी पाहणी छापली. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर! आज तिथे निम्मी आयटी राहते.) या तिघांचं लक्ष नुसत्या राखेवर नव्हतं. राख हे खत आहे हे कोणालाही कळतं. त्यांना बघायचं होतं ते हे की माती तापली की तिच्या आत काय बदलतं. आज आपल्याला माहीत आहे की मंद आचेवर वरचा थर भाजला की तणाचं बी आणि किडे मरतात आणि मातीत अडकलेलं नत्र आणि स्फुरद रोपाला घेता येईल अशा रूपात मोकळं होतं. पहिल्या पावसात तण डोकं वर काढायच्या आत रोप तरारून येतं. म्हणजे बाबा जे सांगत होते त्यात अडाणीपणा काही नव्हता. शिवाय भाजायचा असतो तो फक्त रोपवाटिकेचा तुकडा, सगळं शेत नव्हे. भाताचं ढोबळ गणित घेतलं तर एकरभर लावणीला चारेक गुंठे.

त्याच १९१२ साली मुंबईत वेगळाच कायदा झाला, बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट. गिरण्यांच्या धुराड्यांसाठी. त्या काळात धूर मोजण्याचं जगभर चालणारं साधन म्हणजे रिंगेलमान तक्ता. मॅक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ मध्ये काढलेला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या चार जाळ्या: २० टक्के काळी, ४० टक्के, ६०, ८०. कागद लांब धरायचा, धुराड्याकडे बघायचं आणि कुठल्या जाळीशी धूर जुळतो ते लिहायचं. संपलं! हसू नका, ही युक्ती पुढे कित्येक दशकं चालली.

म्हणजे बघा, एकाच वर्षी, एकाच इलाख्यात, एका आगीचा परिणाम मातीत मोजला जात होता आणि दुसऱ्या आगीच्या काळेपणासाठी कायदा होत होता. राबाचा धूर मोजावा असं मात्र तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. तो डोंगरात होता. तिथे नाक खुपसायला साहेब नव्हता.

डोंगरातला धूर जगाच्या हिशेबात आला तो १९७९ मध्ये. पॉल क्रुत्झन (ओझोनवरच्या कामासाठी पुढे १९९५ चं नोबेल मिळालेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गवत, जंगल, शेतातला पालापाचोळा यांच्या आगींतून वातावरणात जाणारे वायू दुर्लक्ष करण्याइतके थोडे नाहीत. मग प्रश्न आला की हे मोजायचं कुठे? सगळ्यात जास्त जळतो तो सवाना, म्हणजे उष्ण प्रदेशातला गवताळ, मधूनमधून झाडं असलेला मुलूख. जानेवारी १९९१ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या लाम्तो या ठिकाणी फ्रेंच आणि आफ्रिकी शास्त्रज्ञांनी ठरवून गवत पेटवलं आणि ज्वाळांच्या तोंडाशी यंत्रं लावून बसले.

सवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंह आणि जिराफ येतात. पण आपल्या देशावरची माळरानं ही सवानाच. बरीच वर्षं असं मानलं जायचं की हे माळ म्हणजे माणसाने तोडून, जाळून नासवलेलं जंगल. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये एक झकास काम प्रसिद्ध केलं. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, संतसाहित्य धुंडाळून त्यांत कुठली झाडं येतात ते त्यांनी तपासलं. निघालं असं की आपले माळ तेव्हाही माळच होते. जव्हारचा मुलूख पावसाचा, तो काही सोलापूरचा माळ नव्हे. पण मुद्दा सगळीकडे तोच: गवत दिसलं की "इथे जंगल असणार, कोणीतरी जाळलं असणार" असं म्हणायची आपल्याला दीडशे वर्षांची सवय आहे. आमच्या गाडीतही तेच झालं.

आता यंत्रांकडे येऊ. हवेतल्या कणांमधला कार्बन ढोबळमानाने दोन जातींचा. एक काळा, म्हणजे काजळी, ती भडकलेल्या ज्वाळेत तयार होते. दुसरा सेंद्रिय कार्बन, पिवळट-तपकिरी चिकट माल, तो धुमसणाऱ्या आगीतून जास्त येतो. (राब वाऱ्याच्या उलट पेटवून सावकाश जाळला की कुठला जास्त निघणार, ते ओळखा.) काजळी ऊन शोषते आणि हवा तापवते, म्हणून तिचं महत्त्व.

ती मोजायचा पहिला मार्ग रिंगेलमानचाच, फक्त डोळ्याच्या जागी सेन्सर. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत टोनी हॅन्सन, हॅल रोझन आणि तिहोमिर नोवाकोव यांनी एथॅलोमीटर नावाचं यंत्र बनवलं. त्याचा निबंध १९८४ चा. फिल्टरच्या पट्टीतून हवा ओढायची, पट्टीवर पडणाऱ्या डागातून प्रकाश सोडायचा, आणि मिनिटामिनिटाला किती प्रकाश अडला ते मोजायचं. नावाचं मूळ ग्रीक, काजळी धरणे अशा अर्थाचं. आपल्याकडेही गावोगावच्या वेधशाळांत आणि विद्यापीठांत हे यंत्र आता सर्रास दिसतं. दुसरा मार्ग भट्टीचा. फिल्टरचा तुकडा आधी ऑक्सिजनशिवाय तापवायचा, सेंद्रिय कार्बन उडून जातो. मग ऑक्सिजन सोडायचा, उरलेली काजळी जळते. दोन्ही वेळा बाहेर पडलेला कार्बन मोजायचा.

यातून किती आहे ते कळतं. कोणाचा आहे ते कळत नाही.

आणि "कोणाचा" यावरून मोठं भांडण पेटलं होतं. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स नावाची प्रचंड मोहीम झाली. विमानं, जहाजं, मालदीवमधली वेधशाळा, असा सगळा जामानिमा. वीरभद्रन रामनाथन आणि क्रुत्झन हे तिचे म्होरके. हिंदी महासागरावर, जिथे हवा स्वच्छ असायला हवी तिथे, तपकिरी धुरक्याचा जाड थर सापडला. तो आपल्या उपखंडावरून वाहत आला होता. २००२ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा यावर अहवाल आला आणि त्यात नाव होतं "आशियाई तपकिरी ढग". आपल्याकडे संताप झाला. गाड्या तुमच्या, कारखाने तुमचे, आणि ढगाला नाव आमचं? चुलीवर भाकरी भाजणाऱ्या बाईला हवामानबदलाची आरोपी करणार? शेवटी "आशियाई" शब्द गळला आणि तो "वातावरणीय" तपकिरी ढग झाला.

हा राग मला रास्त वाटतो. पण आता दाभोशाच्या रस्त्यावरची आमची गाडी आठवा. साहेबाने आपल्या देशाकडे बोट दाखवलं की आपल्याला जे झोंबतं, तेच बोट आपण जव्हारकडे सहज दाखवतो.

भांडणात शास्त्रज्ञांचीही पंचाईत होती, कारण दोन पद्धतींनी दोन उत्तरं येत होती. पहिली पद्धत जमाखर्चाची. देशात किती घरांत चूल, किती लाकूड, किती गोवऱ्या, किती डिझेल, दर किलोमागे किती काजळी, गुणाकार करा. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी चुली प्रत्यक्ष पेटवून, त्यांचा धूर मोजून २००५ मध्ये असा हिशेब मांडला. भारतातल्या काजळीचा सगळ्यात मोठा स्रोत घरगुती जळण, असं त्यांचं उत्तर. एकूणच अशा हिशेबांत लाकूड-पाला-गोवरीचा वाटा ५० ते ९० टक्के निघायचा. दुसरी पद्धत उलटी. समुद्रावरच्या हवेतले कण पकडा आणि त्यांचं रासायनिक पृथक्करण करा. लाकडाच्या धुरात पोटॅशियम जास्त असतं, कोळसा-डिझेलच्या धुरात वेगळी मूलद्रव्यं. यातून बोट जायचं कोळसा आणि पेट्रोल-डिझेलकडे. एकच बग, दोन टीम, आणि प्रत्येक टीम म्हणते आमचा कोड बरोबर आहे. अशा वेळी आपण काय करतो? लॉग बघतो.

कार्बनमध्ये सुदैवाने लॉग असतो. तो म्हणजे कार्बन-१४.

अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात वर सतत थोडा थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ तयार होतो. झाडं तो हवेतून घेतात. झाड तुटलं की घेणं थांबतं आणि आतला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१४ शून्य. ऐनाच्या यंदाच्या पानात तो पुरेपूर. जळून काजळी झाली म्हणून हे बदलत नाही. म्हणजे प्रत्येक कणावर टाइमस्टँप आहे: काल-परवाचा कार्बन की डायनोसॉरच्या काळातला. फिल्टरवरच्या काजळीत कार्बन-१४ किती ते मोजा, ताज्या आणि जुन्याचं प्रमाण सरळ निघतं. (अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे १९५०-६० च्या दशकांत हवेतला कार्बन-१४ वाढला होता, त्याची दुरुस्ती करावी लागते. ते काम जमून गेलेलं आहे.)

तर २००६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत दोन ठिकाणी फिल्टर लावले गेले. एक मालदीवमधलं हनिमाधू बेट. दुसरा आपला सिंहगड. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमची, गडावर वेधशाळा आहे. गडाची उंची तेराशे मीटरच्या वर, त्यामुळे एका गावाचा किंवा एका रस्त्याचा धूर तिथे वरचढ ठरत नाही, सगळ्या मुलखाची मिसळलेली हवा तिथे येते. स्टॉकहोमचे ओर्यान गुस्ताफसन आणि आयआयटीएमचे शास्त्रज्ञ यांनी मिळून हे काम केलं आणि जानेवारी २००९ मध्ये ते 'सायन्स' मध्ये छापून आलं.

उत्तर? कणांतला एकूण कार्बन धरला तर त्यातला दोन तृतीयांश ताजा, म्हणजे लाकूड, पाला, गोवऱ्या, पिकांचे अवशेष यांचा. नुसती काजळी वेगळी काढली तर, वेगळी काढण्याच्या पद्धतीप्रमाणे, निम्मी ते दोन तृतीयांश ताजी. उरलेली जुनी, म्हणजे कोळसा, डिझेल, पेट्रोल. दोन्ही टीम अर्ध्या बरोबर, अर्ध्या चूक. पुढे कृष्णकांत बुधवंत आणि सहकाऱ्यांनी त्याच दोन ठिकाणी वर्षभराचे नमुने तपासले. २०१५ च्या त्यांच्या निबंधात सिंहगडावरच्या काजळीतला ताजा वाटा हिवाळ्यात ५६ टक्के आणि बाकीच्या महिन्यांत ४८ टक्के निघाला. थोडक्यात, अर्धं-अर्धं.

हे वाचून मी मित्राला फोन केला. "म्हणजे निम्मा धूर त्यांचाच ना?" तो म्हणाला. इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की ही मोजणी काय सांगते आणि काय सांगत नाही.

टाइमस्टँप आहे, पण यूजर-आयडी नाही. कार्बन-१४ सांगतो की जळलेली वस्तू ताजी होती. ती राबातली फांदी होती, बिहारमधल्या चुलीतली गोवरी होती, पंजाबातलं भाताचं काड होतं, की पुण्यातल्या सोसायटीच्या झाडूवाल्याने कोपऱ्यात पेटवलेला पाला होता, हे तो सांगत नाही. पहिले नमुने हिवाळ्याच्या अखेरीचे आणि राबाचा खरा हंगाम उन्हाळ्याचा, म्हणजे त्या आकड्यात चुलीच जास्त असणार. "निम्मा धूर ताजा" याचा अर्थ "निम्मा धूर आदिवासींचा" असा आपण लावतो तेव्हा तो यंत्रातून आलेला नसतो, आपल्या डोक्यातून आलेला असतो. आणि हो, मीही सिंहगडावर बसून खायचो ते पिठलं चुलीवरचंच होतं. "चुलीवरची मिसळ" अशी पाटी बघून आपण गाडी थांबवतो. धूर चव म्हणून हवा असतो.

मग राब निर्दोष का? तसंही मला म्हणायचं नाही. तोडलेल्या फांदीला पुढच्या वर्षी पालवी फुटते आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा परत येतो, हे खरं. पण काजळीचा असा परतावा होत नाही. ती आठवडाभर हवेत राहते, ऊन शोषते आणि सगळ्यात आधी शिरते ती काठी घेऊन शेजारी बसलेल्या बाबांच्या छातीत. चुलीचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर गावोगाव पोचले, पण रानातलं सरपण फुकट आणि सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात, हे गणित डोंगरातल्या घराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. धूर कमी व्हायला हवा तो आधी त्यांच्यासाठी, नंतर आमच्या क्षितिजासाठी.

पण ते करायचं तर डोंगरमाथ्यावर फिल्टर लावून भागत नाही. चुलीपाशी जावं लागतं, बांधावर उभं राहावं लागतं, कोण काय जाळतो आणि का, हे विचारावं लागतं. २०१७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली वीसेक संस्थांना घेऊन 'कोअलेस' हा कार्यक्रम सुरू केला, तो याच दिशेचा. एकीकडे देशात ठिकठिकाणी वेधशाळा, आणि दुसरीकडे घरोघरी आणि शेतात जाऊन केलेली पाहणी. वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी हिशेब जुळवायचा. मला यात मान, जोशी आणि कानिटकर दिसतात. शंभर वर्षांपूर्वी त्यांनीही हेच केलं होतं. नासाडी की गरज, या भांडणात न पडता ते मातीत हात घालून बसले, आणि शेतकरी जे करतो त्याला कारण असेल असं धरून ते कारण शोधायला लागले.

आपल्या बाजूचा हिशेब मात्र सोपा आहे. दाभोशाला जाऊन यायला आमच्या डिझेल गाडीने तीनशेच्या आसपास किलोमीटर काटले. लाईट गेली की आमच्या सोसायटीचा जनरेटर खालून काळा फवारा सोडतो. या काजळीत कार्बन-१४ शून्य. ती निखळ आपली. तिच्यासाठी कुठल्या म्हाताऱ्या माणसाला काठी घेऊन राखण करत बसावं लागत नाही, की तिच्यातून नागलीचं एक रोप उगवत नाही. बाबा म्हणाले होते, "तिकडं लय धूर." यंत्राशिवाय, तक्त्याशिवाय, त्यांचा निष्कर्ष निम्मा बरोबर होता. आमचाही निम्माच. फरक एवढाच की त्यांनी आम्हाला जाब विचारला नव्हता.

मित्राला हे सगळं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी एसटीने जाऊ." आम्हाला एसटीने जाणं किती जमेल माहीत आहे. पण जूनमध्ये जायचं नक्की केलंय. धबधब्यासाठी नाही, राबातलं रोप बघायला.